तांदळाला टोके झालेत, आता?

प्रिय ताई,

आम्ही ऐरोलीला राहतो. वन बीएचके, माणसं पाच: मी, नवरा, सासू-सासरे आणि नऊ वर्षांचा मुलगा. मी वाशीला बँकेत आहे, नवरा महापेला कंपनीत. सासूबाईंना मधुमेह, इन्सुलिन चालू आहे. सासरे 72 वर्षांचे, बीपी सोडलं तर ठणठणीत. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी टीव्हीवर बर्ड फ्लूची बातमी पाहिली आणि तेव्हापासून आमच्या घराचं गोदाम झालंय. पन्नास किलो तांदूळ एकदम आणला. दिवाणात डाळी, कपाटावर साबणाचे गठ्ठे, सॅनिटायझरचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन, गॅलरीत पिंप. घरात चिकन-अंडी बंद. आता कुणाकडून तरी जुना ऑक्सिजन सिलिंडर घेणार म्हणून दोन हजार आगाऊ देऊन आलेत. मागच्या आठवड्यात तांदूळ उघडला तर टोके वळवळत होते. मी फटकन बोलले, ते जेवणावरून उठले. नवरा म्हणतो, सोड, वयच तसं आहे. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. साथीसाठी घरात खरंच काय आणि किती असावं? आणि यांना न दुखावता थांबवायचं कसं?

ता.क. 2021 च्या एप्रिलमध्ये सासऱ्यांचे धाकटे भाऊ कोविडने गेले. बेडसाठी सासऱ्यांनीच फोन केले होते.

– एक सून, ऐरोली

*

प्रिय ऐरोलीच्या सूनबाई,

आधी तांदळाचं बघू. टोके झाले म्हणून पन्नास किलो टाकून द्यायचे नाहीत. बोरिक पावडर चोळून परत भरायचेही नाहीत, रोजच्या पोटात जाणारी वस्तू आहे ती. चाळा, पाखडा आणि सावलीत पसरा. कडक उन्हात घातलात तर दाणा तुटतो आणि भाताऐवजी कण्या खायची वेळ येते. हे काम शनिवारी गच्चीवर काढा, घरात नको. गच्चीवरच का, ते पुढे येईलच.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुख्य गोष्ट तुम्ही ताज्या कलमात ढकललीत. बर्ड फ्लूची बातमी हे निमित्त आहे हो. तुमचे सासरे तीन महिन्यांपासून नाही, 2021 च्या एप्रिलपासून सामान भरतायत, फक्त दिसायला आता लागलं. तो महिना मी नर्स म्हणून वॉर्डात काढलाय. बेड, ऑक्सिजन, रेमडेसिविर, कशासाठीही रांग. बाहेर उभे असलेले भाऊ, मुलगे, जावई एकाच फोनवरून चाळीस-चाळीस नंबर फिरवायचे. ज्याला मिळालं तो विसरला. ज्याला मिळालं नाही, त्याच्या हातात तो फोन अजून तसाच आहे. असा माणूस तांदूळ आणतो, सिलिंडर आणतो. तेव्हा "वयच तसं आहे" हे तुमच्या नवऱ्याचं निदान मला मान्य नाही.

पण भीती खरी असली म्हणून खरेदी बरोबर ठरत नाही. मी माझ्या घरातलं सांगते.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. सरकारी रुग्णालयात 34 वर्षं नर्स होते, 2022 ला निवृत्त झाले. 2020 साली आमच्याच सोसायटीने मला लिफ्ट वापरू नका म्हणून सांगितलं होतं, तो राग मी अजून सोडलेला नाही, पण ते असो. 2021 ला मी ड्यूटीवरून ताप घेऊन आले. तिसऱ्या दिवशी बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजनचा आकडा 91. रुग्णवाहिका आली, त्यातल्या मुलाने आमच्या ह्यांना विचारलं, काकूंना कुठल्या गोळ्या चालू आहेत? हे म्हणाले, "एक सकाळची पांढरी, एक रात्रीची गुलाबी." एकतीस वर्षांचा संसार आणि बायको नर्स! मी धापा टाकत स्वतःच नावं सांगितली. पुढचे पाच दिवस हे घरी एकटे. घरात दोन महिन्यांचा शिधा होता, कारण मी हुशार ना. ह्यांनी पाच दिवस चहा-बिस्किटं खाल्ली. कुकरची शिट्टी मी धुऊन कुठे ठेवते हे त्यांना ठाऊक नव्हतं. डबा समोरच्या कुलकर्ण्यांकडून आला तो सहाव्या दिवशी, तोही त्यांच्या आपणहून लक्षात आलं म्हणून.

तेव्हापासून कुणी साथीच्या तयारीबद्दल विचारलं की मी आधी सामानाची यादी देत नाही. मी विचारते, तुमच्या घरात ज्या माणसाला सगळं माहीत असतं, त्या माणसालाच ताप आला तर पुढचे दहा दिवस काय होईल? तुमच्या पत्रावरून ते माणूस तुम्ही आहात. सासूबाईंचे इन्सुलिनचे किती युनिट, सकाळचे किती, रात्रीचे किती. मुलाला कशाची अॅलर्जी. गॅस कुठून बंद होतो. विम्याचं कार्ड कुठल्या कप्प्यात. दिवाणात कितीही डाळ भरली तरी तुम्ही आडव्या झालात की ती शिजणार नाही.

म्हणून पहिली खरेदी शंभर पानी वहीची करा. मोबाईलमध्ये नको, मोबाईल लॉक असतो आणि रुग्णाबरोबर निघून जातो. पहिल्या पानावर पाचही जणांची नावं, वय, रक्तगट, आजार, गोळीचं नाव, ताकद आणि वेळ. डॉक्टरच्या अक्षरात नाही, पाकिटावरून पाहून, सुवाच्य. दुसऱ्या पानावर फोन: फॅमिली डॉक्टर, औषधवाला, दूधवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, वॉचमन, दोन शेजारी, ठाण्या-मुंबईतले दोन नातेवाईक. खाली 108 रुग्णवाहिकेचा आणि 104 आरोग्य सल्ल्याचा. तिसऱ्या पानावर कागद कुठे आहेत ते. विमा असेल तर पॉलिसी नंबर. नसेल तर रेशनकार्ड आणि आधार एकत्र ठेवा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेला तेच मागतात.

चौथं पान अवघड आहे. तुम्ही आणि नवरा दोघेही दवाखान्यात गेलात तर मुलगा कुणाकडे? सासू-सासरे त्याला सांभाळतील हे उत्तर पुरत नाही, कारण तेही त्याच घरात, तोच आजार. बाहेरचं एक नाव लागतं, आणि त्या नावाला आधी विचारलेलं लागतं. एक किल्ली कुणाकडे राहील? सासूबाईंच्या उपचारांचा निर्णय कुणी घ्यायचा, मुलाने की मुलीने? तुमच्या नवऱ्याला बहीण आहे का, पत्रात नाही, पण असलीच तर तिलाही बसवा. 2021 मध्ये मी व्हेंटिलेटरच्या फॉर्मवर सही करायला भावंडांना भांडताना पाहिलंय, तेही फोनवर, स्पीकर लावून, आणि रुग्ण ऐकत असताना.

आणि एक रंगीत तालीम. एखाद्या रविवारी तुम्ही आजारी आहात असं समजून आतल्या खोलीत झोपा. दार बंद. पुस्तक घ्या हवं तर. बाहेर नवऱ्याने खिचडी लावायची, मुलाला बघायचं, सासऱ्यांनी वही उघडून सासूबाईंचं इन्सुलिन काढायचं, सासूबाईंनी तपासायचं. कुणी दारावर टकटक करून "मोहरी कुठाय?" विचारलं की ते वहीत लिहायचं. पहिल्या रविवारी दहा वेळा टकटक होईल. तिसऱ्या रविवारी दोनदा. मला हे स्वयंपाकघरातलं समानतेचं व्याख्यान म्हणून सांगायचं नाहीये, तेही खरंतर द्यायला हवं.

आता सामान. किती? माझं माप तीन आठवडे, आणि त्याला कारण आहे. एका घरात आजार सगळ्यांना एकदम होत नाही, एकामागून एक होतो. कोविडच्या सुरुवातीला घरच्या विलगीकरणाला 17 दिवस धरत, आणि दुसरा माणूस पाचव्या दिवशी पडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शिवाय दुकानं बंद नसली तरी हात बांधलेले असतात. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी जाहीर झाली रात्री आठला, आणि साडेआठला आमच्या नाक्यावर पिठाच्या पिशवीसाठी माणसं एकमेकांच्या अंगावर. किराणा पुढेही मिळतच होता. पण रोग त्या गर्दीतूनच घरी आला. मे 2020 मध्ये तुमच्या वाशीची बाजार समिती आठवडाभर बंद ठेवली, तेव्हा भाजीचा भाव आठवतोय ना? साठा करायचा तो त्या रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून.

हे काही नवं शास्त्र नाही. ऐरोलीलाच दिवा कोळीवाड्यात एखाद्या आजीला विचारा, आगोटीची बेगमी कशी करतात. मे महिन्यात सुकट, जवळा, बोंबील वाळवून, तांदूळ-मसाला भरून पावसाळ्याची सोय. बोटी बंद, हात रिकामे, पण चूल चालू. त्यात एक नियम असतो: जे घरात खाल्लं जातं तेच भरायचं. तुमच्या घरी कधी न खाल्लेले ओट्स संकटात कुणी आवडीने खाणार नाही.

पाच माणसांना रोज साधारण अर्धा किलो तांदूळ, पाऊण किलोच्या आत पीठ आणि पाव किलो डाळ लागते असं धरू. तुमचं माप वेगळं असेल, एक आठवडा मोजून बघा. 21 दिवसांचे झाले साडेदहा किलो तांदूळ, पंधरा किलो पीठ, सव्वापाच किलो डाळ. म्हणजे सासऱ्यांनी आणलेला तांदूळ तीन आठवड्यांचा नाही, तीन महिन्यांहून जास्तीचा आहे. पीठ मात्र पंधरा किलो भरू नका, आपल्या दमट हवेत जाळी धरतं. पाच किलो पीठ, बाकी पोहे, रवा, साबुदाणा, थोडे जास्तीचे तांदूळ. तेल, मीठ, गूळ, चहा, दूध पावडरचा एक डबा. कांदे-बटाटे, आमसूल, लोणचं, पापड. सासूबाईंच्या पथ्याचं वेगळं. हे दरमहा वाण्याकडे जाताना थोडं थोडं वाढवत न्यायचं, आणि डब्यात नवं खाली, जुनं वर. मार्करने तारीख लिहायला मुलाला बसवा, नऊ वर्षांच्या मुलाला असली कामं फार आवडतात.

पाण्याचं थोडक्यात. तुम्हाला पाणी देणारं मोरबे धरण साथीत आजारी पडत नाही, पण पंप चालवणारा पडू शकतो आणि लाईट जाऊ शकते. पिण्याचं दोन दिवसांचं झाकून ठेवा, पिंपातलं वापरायला. पिंपावर झाकण आणि कापड घट्ट, आठवड्यातून एकदा रिकामं करून घासायचं. ऐरोलीच्या डासांना डेंग्यू पसरवायला कुठल्या जागतिक साथीची वाट बघावी लागत नाही.

औषधं तांदळापेक्षा महत्त्वाची. रोजच्या गोळ्यांचा पुढचा एक महिना नेहमी घरात हवा, म्हणजे चालू पट्टी संपायच्या आत पुढची हजर. डॉक्टरांना सांगून दोन महिन्यांची चिठ्ठी घ्या. इन्सुलिन न उघडलेलं फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंशात, मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको, गोठलं की फेकायचं. उघडलेलं पेन साधारण चार आठवडे चालतं, पाकिटावर बघा आणि उघडल्याची तारीख त्यावर चिकटवा. लाईट बराच वेळ गेली तर कुपी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, छोट्या डब्यात घालून मातीच्या माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवा. सुया आणि शुगर मोजायच्या पट्ट्या मोजून ठेवा, इन्सुलिन असून सुया नाहीत असा प्रकार मी पाहिलाय.

बाकी पेटीत: पॅरासिटामॉल, ओआरएसची दहा पाकिटं, थर्मामीटर, बीपीचं यंत्र, बोटावरचं ऑक्सिमीटर, साबण, आणि एन-95 मास्क माणशी दहा तरी. अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड घरात साठवायचे नाहीत. 2021 ला अनेकांनी दुसऱ्याची चिठ्ठी व्हॉट्सअॅपवर मागवून स्टेरॉइड सुरू केले, मधुमेही माणसांची त्यातून जी दशा झाली ती सासूबाईंच्या बाबतीत नको. ओआरएस संपलं तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे सपाट.

ऑक्सिमीटर वापरायचीही एक रीत आहे. पाच मिनिटं शांत बसायचं, हात गरम हवा, नखाला रंग किंवा ताजी मेंदी नको. आकडा स्थिर झाला की वहीत लिहायचा. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवतं, म्हणून काठावरच्या आकड्यावर निर्धास्त होऊ नका. सगळे बरे असताना प्रत्येकाचा नेहमीचा आकडा आत्ताच लिहून ठेवा. विश्रांतीत 94 च्या खाली यायला लागला, बोलताना दम लागला, ओठ निळसर झाले, माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर घरात उपाय शोधत बसायचं नाही.

म्हणूनच सिलिंडरचं. दोन हजार गेले तर जाऊ द्या, पण तो घरात घेऊ नका. सासऱ्यांना हे पटेल अशी एक आकडेमोड करून दाखवा, निवृत्त माणसाला हिशेब पटतो. घरी लोक नेतात तो बी टाइप सिलिंडर, त्यात दीड हजार लिटरच्या आसपास ऑक्सिजन. मिनिटाला पाच लिटर लावला तर 300 मिनिटं. पाच तास! पुढे भरायला न्यायचा, आणि 2021 ला टंचाई कशाची होती? भरून मिळण्याचीच. त्यातून जुना सिलिंडर, चाचणी कधी झाली ठाऊक नाही, वन बीएचकेमध्ये एका बाजूला गॅसची शेगडी, दुसऱ्या बाजूला देवघरातलं निरांजन. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण ठिणगी पडली की बाकी सगळं भसकन पेटवतो. ज्याला ऑक्सिजन लागतो त्याला डॉक्टर लागतो. घरात सिलिंडर असला की माणसं दवाखान्यात जायला उशीर करतात, आणि तो उशीरच जिवावर येतो. त्या सॅनिटायझरच्या कॅनचंही तेच: दहा लिटर अल्कोहोल शेगडीपासून आणि देवघरापासून लांब ठेवा, अर्धं सोसायटीच्या ऑफिसात देऊन टाका. आणि संडास धुवायचं अॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र ओतू नका, त्यातून क्लोरीन निघतो. 2020 ला लोकांनी निर्जंतुकीच्या उत्साहात हेही केलंय.

वन बीएचकेमध्ये आजारी माणसाला वेगळं कसं ठेवायचं हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण खरी कसोटी तिथे आहे. बेडरूम आजाऱ्याची, हॉल बाकीच्यांचा, एवढंच शक्य आहे आणि ते पुरतं. खिडकी सताड उघडी. टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून, म्हणजे खोलीतली हवा बाहेर फेकली जाईल. सीलिंग फॅन आणि एसी बंद. दाराखालच्या फटीत टॉवेल. बाथरूमचा एक्झॉस्ट चालू ठेवायचा, आजाऱ्याने शेवटी वापरायचं, आणि नंतर जमेल तेवढा वेळ कुणी जायचं नाही. सेवा एकानेच करायची, ज्याची तब्येत बरी आहे त्याने, दोघांच्याही तोंडाला मास्क. नाकावरची पट्टी दाबून बसवलेला, दाढीवर लोंबकळणारा नाही. 2020 ला आपण दुधाच्या पिशव्यांना आंघोळ घातली, कोथिंबीर साबणात बुडवली, नोटांना इस्त्री केली, आणि बंद हॉलमध्ये वीस जण बसून बाराव्याचं जेवलो. रोग हवेतून येत होता. पुढची साथ हवेतून येईल की पाण्यातून, हे आज कोण सांगणार. जी येईल ती पसरते कशी, एवढं पहिल्या आठवड्यात नीट समजून घ्या, मग ठरवा मास्क आधी की पाणी उकळणं आधी.

माझी आजी साताऱ्याकडची. ती प्लेगाच्या गोष्टी सांगायची: घरात उंदीर पडला की गाव उठायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. प्रत्येक घरात एक गाठोडं बांधून तयार असे. तसं एक गाठोडं तुम्ही बांधा, दवाखान्याचं. लांब वायरचा चार्जर (हे पहिलं, वॉर्डात प्लग पलंगापासून दूर असतो आणि फोन बंद पडला की घरच्यांना काहीच कळत नाही), चष्मा, कवळीची डबी, चपला, स्टीलचा पेला, दोन जोड कपडे, आधार आणि विम्याच्या झेरॉक्स, वहीच्या पहिल्या पानाची प्रत, थोडे सुटे पैसे. पिशवीवर नाव आणि घरचे दोन फोन नंबर मोठ्या अक्षरात.

कामवाल्या ताई तुमच्याकडे येत असतील. त्यांच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम बाजूला ठेवा. 2020 ला सोसायट्यांनी गेट बंद केलं आणि बायांचे पगारही. लोकल बंद, कामं बंद, आणि मग जून-जुलैत आपणच ओरडत होतो की बाई मिळत नाही. हा खर्चही साथीच्याच खात्यात धरा.

चिकन सुरू करायला हरकत नाही. 2020 च्या फेब्रुवारीतही चिकनने कोरोना होतो म्हणून अफवा उठली होती, कोंबडीवाले बुडाले, आणि कोरोना कोंबडीतून आलाच नाही. बर्ड फ्लू खरा असतो, फेब्रुवारी 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यात शहापूरजवळ वेहळोलीला कोंबड्यांमध्ये सापडला होता. पण 70 अंशांवर नीट शिजवलेल्या मांसात तो विषाणू जगत नाही, आणि आपण रस्सा काय 70 अंशांवर थांबवतो? कच्चं हाताळल्यावर हात आणि पाट साबणाने धुवा, अर्धकच्चं अंडं नको, मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका. सासू-सासऱ्यांना दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस देण्याबद्दल मात्र डॉक्टरांना पावसाळ्याआधी विचारा. खऱ्या साथीत दवाखाने भरलेले असताना साध्या फ्लूने तिथे जावं लागू नये.

आता सासरे. त्यांना थांबवू नका, त्यांना खातं सोपवा. घरातला साठा त्यांचा, तारखा त्यांच्या, वही त्यांच्या अक्षरात. महिन्याला ठरलेली रक्कम त्यांच्या हातात, त्याबाहेर नवरा-बायको-सासरे तिघांनी मिळून ठरवल्याशिवाय काही यायचं नाही. आणि त्यांना घराबाहेरचंही काम द्या: बिल्डिंगमध्ये एकटे राहणारे म्हातारे किती, त्यांची औषधं कुठली, किल्ली कुणाकडे, ही यादी सेक्रेटरींबरोबर बसून करायला सांगा. फोन फिरवण्यात त्यांचा हात बसलेला आहे. यावेळी वेळेआधी फिरवू देत.

आणि शनिवार. चार वाजता, ऊन उतरल्यावर, टाकीच्या सावलीला जुनी सतरंजी टाका. तांदूळ, चाळणी, सूप, आणि सासऱ्यांना म्हणा, "बाबा, एकटीला होत नाही, जरा या." नवरा आणि मुलगा खालीच राहू देत. आधी त्या दिवशी फटकन बोलल्याबद्दल दोन शब्द बोला, जास्त नको. मग हात चालू ठेवून, त्यांच्याकडे न बघता विचारा, काकांच्या वेळी तुम्ही पहिला फोन कुणाला लावला होता?

ते लगेच बोलणार नाहीत. टोके निवडत बसतील. तुम्ही चाळत राहा, पन्नास किलो आहेत, वेळ भरपूर आहे.